डायच्या पाकिटातलं पत्रक

घरात कुणी केसांना डाय लावत असेल तर त्याचं खोकं एकदा नीट उघडून बघा. बाटली किंवा पुडी, प्लॅस्टिकचे हातमोजे आणि तळाशी चार घड्या घातलेलं एक पातळ पत्रक. बहुतेक घरांत ते न वाचताच कचऱ्यात जातं. त्यात साधारण असं सांगितलेलं असतं: यातल्या घटकांनी काहींच्या त्वचेला त्रास होऊ शकतो, म्हणून आधी कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावून पाहा. भुवयांना आणि पापण्यांना मात्र लावू नका, दृष्टी जाऊ शकते.

आता हेच संशोधक म्हणून वाचा. वस्तू केसांची आहे, मग पापण्या कुठून आल्या? कायद्याच्या किंवा सूचनेच्या मजकुरात अशी चमत्कारिक नेमकी ओळ दिसली, की तिच्यामागे बहुधा कुणाला तरी काहीतरी झालेलं असतं. ‘स्रोत कुठे मिळणार?’ असं तुमच्यापैकी बरेचजण विचारतात. एक स्रोत तुमच्या न्हाणीघरात पडलेला आहे.

आपल्याकडचा औषधांचा कायदा १९४०चा. त्यात सौंदर्यप्रसाधनं आली ती १९६२च्या दुरुस्तीनं. हेअर डायवर काय इशारा छापायचा, तो इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत असावा, चाचणी कशी करायची, हे सगळं त्याखालच्या नियमांत लिहून ठेवलेलं आहे. त्या नियमांतलं इशाऱ्याचं वाक्य आणि अमेरिकेच्या १९३८च्या कायद्यातलं वाक्य शेजारी शेजारी ठेवा. रचना जवळजवळ तीच, पापण्यांसकट. म्हणजे आपलं पत्रक समजून घ्यायला अमेरिकेला जावं लागतं.

तिथे १९३३च्या सुमारास ‘लॅश ल्युअर’ नावाचा पापण्या काळ्या करणारा रंग विकला जात होता. त्यात पॅराफिनिलीनडायामाइन, म्हणजे पीपीडी, हे रसायन होतं. केस काळे करण्यासाठी ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वापरात होतं आणि आजही आहे. हा रंग लावून काही स्त्रियांचे डोळे सुजले, जखमा झाल्या, काहींची दृष्टी गेली. सरकारी अधिकाऱ्यांना माल जप्त करता येईना, कारण १९०६चा कायदा अन्न आणि औषधं यांच्यापुरता होता. सौंदर्यप्रसाधनं त्यात नव्हतीच. मग त्याच खात्यानं अशा घातक वस्तूंचं एक प्रदर्शन मांडलं. ओहायो राज्यातल्या डेटन गावच्या एका स्त्रीचे रंग लावण्याआधीचे आणि नंतरचे फोटो त्यात होते. पत्रकारांनी त्या प्रदर्शनाला ‘चेंबर ऑफ हॉरर्स’ असं नाव दिलं.

१९३८चा कायदा आला, लॅश ल्युअर बाजारातून गेलं. इथवर गोष्ट सरळ वाटते. पण कायदा बारकाईनं वाचा. डांबरापासून बनणाऱ्या केसांच्या रंगांना त्यात सूट मिळाली. इतर प्रसाधनात घातक द्रव्य सापडलं तर कारवाई. केसांच्या रंगात सापडलं तर नाही, फक्त खोक्यावर इशारा हवा आणि आत चाचणीची सूचना हवी. पापण्यांच्या रंगांना ही सूट नव्हती. माझ्या मते ते पत्रक म्हणजे एक तडजोड आहे. धोकादायक वस्तू विकायची की नाही हा प्रश्न बाजूला पडला आणि ‘तू आधी तपासून बघ’ ही जबाबदारी वापरणारीवर आली. आपण कायद्याची भाषा घेतली तेव्हा ही तडजोडही सोबत आली.

पण ‘थोडं लावून पाहा’ ही कल्पना कायदेपंडितांची नव्हे. ती १८९५ची. ब्रेस्लाउला काम करणारे योझेफ याडासोन यांच्या ध्यानात आलं होतं, की पाऱ्याच्या औषधानं अंगावर उठलेल्या रुग्णाच्या चांगल्या त्वचेवर पारा थोडाच लावला, तरी तेवढ्याच जागी प्रतिक्रिया उमटते. ग्राझ इथल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं. हीच आजची पॅच टेस्ट. गंमत अशी, की तेव्हा ‘ॲलर्जी’ हा शब्दच नव्हता. तो क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली घडवला.

ही तारीख वहीत लिहून ठेवा. जुन्या मजकुरात ‘ॲलर्जी’ शोधाल तर हाती काही लागणार नाही, आणि मग ‘पूर्वी ॲलर्जी नव्हत्याच’ असा भलताच निष्कर्ष निघेल. (हा निष्कर्ष लग्नाच्या पंगतीत ऐकायला मिळतो तो वेगळाच.) मराठीत तर आणखी सावध राहायला हवं. आपली माणसं म्हणतात, ‘मला मानवत नाही’, ‘बाधतं’, ‘सोसत नाही’, ‘अंगावर उठलं’, ‘पित्त उठलं’, ‘उष्णता झाली’. १९३० साली सुरू झालेल्या ‘स्त्री’ मासिकाचे जुने अंक चाळणार असाल, तर शब्दांची यादी अशी करून घेऊन बसा.

त्वचेत नेमकं काय होतं ते थोडक्यात सांगते, कारण पुढच्या मुद्द्याला ते लागेल. रसायनाचा बारीक रेणू त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतो आणि शरीर त्याला शत्रू म्हणून लक्षात ठेवतं. हे लक्षात ठेवणं पेशींमार्फत होतं, रक्तरसामार्फत नाही, हे लँडस्टायनर आणि चेस यांनी १९४२मध्ये गिनिपिगवर दाखवलं. त्यामुळे पहिल्या वेळी बहुधा काहीच होत नाही. ‘दहा वर्षं हाच डाय लावते, मग आत्ताच कसं झालं?’ या तक्रारीचं उत्तर इथे आहे. लग्नात हौसेनं लावलेली झटपट काळी मेंदी हे दुसरं उदाहरण. साध्या मेंदीचा रंग तांबूस येतो. ती काळीकुट्ट करायला अनेकदा पीपीडी मिसळलेलं असतं. विसाव्या वर्षी शरीरानं ओळख करून घेतली, चाळिसाव्या वर्षी डाय लावल्यावर ती आठवली.

प्रतिक्रिया उशिरा उमटते हाही त्यातलाच भाग. दवाखान्यात पाठीवर पट्ट्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढून बघतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा बघतात. आपल्या नियमांत सांगितलेली घरगुती चाचणी मात्र चोवीस तासांची. उद्या सकाळी त्वचा स्वच्छ दिसली म्हणून निर्धास्त झालेल्या बाईला परवा खाज सुटू शकते.

आता पट्ट्यांवर काय लावायचं? जगात रसायनं लाखो, पाठ एकच. म्हणून याद्या झाल्या. कोपनहेगनच्या पॉल बोनेव्ही यांनी १९३९ साली आपल्या रुग्णांच्या नोंदींवरून एकवीस पदार्थांची प्रमाण यादी छापली. टर्पेंटाइन, निकेल, डायक्रोमेट, प्रिम्युलाचं झाड, पीपीडी. यादी वाचली की शहर दिसायला लागतं: रंगारी, कारखाने, कुंड्यांतली फुलं. जे दवाखान्यापर्यंत आले त्यांच्या कामधंद्यातून ती यादी निघाली. यात त्यांचा दोष नाही, पण दुसऱ्या गावी ती नेली की त्या गावच्या वस्तू यादीबाहेर राहतात.

टिकली घ्या. पूर्वी फणेरपेटीत मेणाची डबी असायची; बोटानं मेण लावून त्यावर कुंकू. मग मागे गोंद असलेली टिकली आली आणि सगळं सोपं झालं. काही स्त्रियांच्या कपाळावर मात्र टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग पडू लागला. अलाहाबादचे डॉ. ए. के. बजाज आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० साली दाखवून दिलं, की टिकलीच्या गोंदात सुटं पॅरा-टर्शरी-ब्युटाइलफिनॉल असतं आणि ते त्वचेचा रंग घालवतं. त्या जातीची राळ पाश्चात्त्य याद्यांत होती, पण चपला-बुटांच्या आणि घड्याळाच्या पट्ट्याच्या गोंदासाठी. शिवाय पॅच टेस्टमध्ये डॉक्टर लाली आणि सूज शोधतात. रंग जाणारी त्वचा कधीकधी लाल न होता, न खाजता, गुपचूप पांढरी होते.

अशी घटना वैद्यकाला नवी नव्हती. बोनेव्हींची यादी आली त्याच १९३९मध्ये अमेरिकेतल्या कातडी कमावण्याच्या कारखान्यातल्या कामगारांवर एक लेख छापून आला होता. रबरी हातमोज्यांतल्या एका रसायनानं त्यांच्या हातांचा रंग गेला होता. हातमोज्यांच्या आकाराचा डाग आणि टिकलीच्या आकाराचा डाग, दोन्हीकडे आकारानंच कारण सांगितलं.

फरक पडतो तो पुढे. कामगाराला हातमोजे बदलून देता येतात. कपाळावर पांढरा डाग दिसला की आपल्याकडे पहिला शब्द येतो ‘कोड’, आणि त्याबरोबर घरातल्या मुलींच्या लग्नाची काळजी. म्हणून डाग झाकायला मोठी टिकली लावली जाते, आणि डाग वाढतो. डॉक्टर म्हणतात, ‘टिकली बंद करा.’ वैद्यकात हाच इलाज: कारण ओळखा आणि टाळा. काहींचा रंग परत येतो, काहींचा येत नाही. पण सवाष्णीनं मोकळ्या कपाळानं वावरायचं म्हणजे काय, हे त्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. कुणी पुन्हा कुंकवाकडे वळतं. बाजारच्या कुंकवातले रंग काहींना बाधतात तो भाग निराळा.

डायच्या खोक्यात निदान पत्रक तरी आहे. मी पाहिलेल्या टिकल्यांच्या पाकिटांवर किंमत होती, देवीचं किंवा नटीचं चित्र होतं, गोंद कशाचा ते कुठेच नव्हतं. त्यामुळे या विषयावर काम करायचं असेल तर वापरणाऱ्या बायकांशीच बोलावं लागेल, आणि त्वचारोग विभागातल्या जुन्या केसपेपरांना परवानगी मिळवावी लागेल. मुलाखतीत पहिला प्रश्न ॲलर्जीचा विचारू नका, उत्तर ‘नाही’ असंच येईल. ‘टिकली कधीपासून लावता, आणि त्याआधी काय लावत होतात?’ असं विचारा, आणि उत्तरात डबीचा, दुकानाचा, सासूचा उल्लेख आला तर मध्ये बोलू नका.