भूल देणारी डॉक्टर: मंदाकिनी आमटे आणि हेमलकसा

(पॉडकास्टच्या या भागाचा लेखी मजकूर. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, बसमध्ये असाल तर ऐका.)

आजचा प्रश्न सोपा आहे. हेमलकसा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं?

बहुतेकांचं उत्तर मला माहितीये. पांढरी बनियन आणि हाफ पँट घातलेले, बिबट्याला कुरवाळणारे डॉ. प्रकाश आमटे. त्यात चूक काहीच नाही. पण त्या कामाच्या पहिल्या दिवसापासून तिथे आणखी एक डॉक्टर होती, आणि तिच्याकडे असलेलं शिक्षण त्या जंगलात खूप दुर्मिळ होतं. आजचा भाग तिच्याबद्दल आहे. डॉ. मंदाकिनी आमटे, म्हणजे आपल्या मंदाताई.

आधी थोडा नकाशा डोळ्यांसमोर आणू. महाराष्ट्राचा अगदी पूर्वेकडचा कोपरा, छत्तीसगडला लागून. तिथे भामरागडजवळ इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्या भेटतात. हेमलकसा तिथून अगदी जवळ. आज आपण हा भाग गडचिरोली जिल्हा म्हणून ओळखतो, पण हा जिल्हा झाला १९८२ मध्ये. मंदाताई तिथे गेल्या तेव्हा तो मोठ्या चंद्रपूर जिल्ह्याचा भाग होता. नागपूरपासून तीनशे किलोमीटरपेक्षा लांब, आणि पावसाळ्यात नदी-नाले भरले की बाकीच्या जगाशी संबंध तुटायचा.

इथे राहतात माडिया गोंड. बाबा आमटेंनी ही माणसं आणि त्यांचे हाल पाहिले. उपासमार, मलेरिया, आणि उपचार म्हणून फक्त गावातला मांत्रिक. इथे काम उभं करायचं त्यांनी ठरवलं आणि प्रकाश म्हणाले, मी जातो. प्रकाश आणि मंदाकिनी दोघंही नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजातले. लग्नाआधीच प्रकाश यांनी तिला सांगून टाकलं होतं की मी जंगलात राहायला जाणार आहे. तरी ती हो म्हणाली. १९७२ मध्ये लग्न झालं आणि २३ डिसेंबर १९७३ ला लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला.

हा 'हो' केवढा मोठा होता ते कळायला तिचा विषय बघावा लागेल. मंदाताई शिकल्या होत्या भूलशास्त्र, म्हणजे ॲनेस्थेशिया.

भूलतज्ज्ञाचं काम नेमकं काय, हे बहुतेकांना माहीत नसतं. आपल्याला वाटतं इंजेक्शन दिलं, पेशंट झोपला, संपलं. तसं नाहीये. सर्जन कापतो-शिवतो तेवढा सगळा वेळ पेशंटचा श्वास, नाडी, रक्तदाब भूलतज्ज्ञाच्या हातात असतो. औषध जास्त झालं तर श्वास थांबतो, कमी पडलं तर पेशंटला वेदना होतात. म्हणून या विषयाला ऑपरेशन थिएटर लागतं, ऑक्सिजन लागतो, वीज लागते. आणि गंमत अशी की पेशंट घरी जाताना सर्जनचं नाव लक्षात ठेवतो. भूल देणाऱ्याचं नाव त्याला क्वचितच माहीत असतं, कारण ती व्यक्ती काम करत होती तेव्हा तो झोपलेला होता.

आता हे शिक्षण घेऊन तुम्ही अशा ठिकाणी जाता जिथे राहायला झोपडी आहे आणि उजेडाला कंदील. ऑपरेशन थिएटर नाही, वीज नाही. बऱ्याच वेळा भूल द्यायची सोयही नाही. अस्वलाने फाडलेला माणूस यायचा आणि जखमा भूल न देताच शिवाव्या लागायच्या. वेदना थांबवण्याचं शास्त्र शिकलेल्या डॉक्टरसमोर पेशंट वेदना सहन करत बसलाय, आणि तिच्या हातात आहे फक्त सुई-दोरा. मला या सगळ्या कथेतली सर्वात अवघड जागा ही वाटते. बिबट्यापेक्षाही अवघड.

शिवाय सुरुवातीला पेशंट यायचेच नाहीत. शहरी कपड्यातली माणसं दिसली की माडिया लोक जंगलात पळायचे. त्यांची भाषा वेगळी, तिला लिपी नाही, म्हणजे पुस्तक आणून शिकायचीही सोय नाही. दोघं ऐकून ऐकून ती भाषा शिकले. मग एखादा पेशंट बरा होऊन गावी परतायचा आणि त्याच्याकडे बघून दुसरे यायचे. मार्केटिंग म्हणाल तर एवढंच. पुढे १९७५ मध्ये स्विसएड या संस्थेच्या मदतीने छोटा दवाखाना उभा राहिला आणि १९७६ मध्ये आश्रमशाळा सुरू झाली.

कामं तरी किती! मेंदूत गेलेला मलेरिया, क्षयरोग, साप चावलेले, झाडावरून पडलेले, अडलेल्या बाळंतिणी. जे शिकवलेलं नव्हतं तेही करावं लागलं, कारण पुढे पाठवायला दुसरा दवाखानाच जवळ नव्हता. आणि एक गोष्ट आपण तर्कानेही समजू शकतो. बाईचं दुखणं बाईला सांगणं सोपं जातं. त्या काळात त्या जंगलात बाई डॉक्टर असणं हीच कितीतरी बायकांसाठी दवाखान्यात पाय ठेवायची हिंमत असणार.

आता प्राण्यांकडे येऊ, नाहीतर तुम्ही म्हणाल मुख्य गोष्ट राहिली! माडिया लोक पोटासाठी शिकार करायचे. एकदा शिकारी मारलेली माकडीण घेऊन चालले होते आणि तिचं जिवंत पिल्लू तिला बिलगलेलं होतं. ते पिल्लू आमटेंनी मागून घेतलं. मग ठरलं की मागे राहिलेली पिल्लं इकडे आणा, त्याबदल्यात धान्य न्या. उपाशी माणसाला नुसतं 'शिकार करू नका' सांगण्यात अर्थ नसतो, हे दोघांना कळलं होतं. यातून ते प्रसिद्ध प्राणी अनाथालय तयार झालं. विलास मनोहर यांचं 'नेगल' वाचलं असेल तर नेगल नावाचा बिबट्या तुम्हाला माहीत असेलच.

फोटोत बिबट्या आणि प्रकाशभाऊ दिसतात. पण विचार करा, त्याच अंगणात मंदाताईंची स्वतःची मुलं रांगत होती, वाढत होती. ती मुलं शिकलीही माडिया मुलांसोबत, तिथल्याच आश्रमशाळेत. जंगलात राहणं म्हणजे आपल्यासारखं शनिवार-रविवारचा ट्रेक नव्हे. तिथे घर होतं, सोमवारही तिथेच उजाडायचा.

आता मूळ मुद्दा. या कामाचं श्रेय नोंदवलं कसं गेलं? १९९५ मध्ये मोनॅको या छोट्या देशाने टपाल तिकीट काढलं, दोघांच्या सन्मानार्थ. २००२ ची पद्मश्री एकट्या प्रकाश आमटेंच्या नावावर. २००८ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार पुन्हा दोघांना मिळून. २०१४ मध्ये चित्रपट आला, नाना पाटेकर आणि सोनाली कुलकर्णी यांचा. नाव होतं 'डॉ. प्रकाश बाबा आमटे'. काम तेच, वर्षं तीच, पण नावं कधी दोन, कधी एक.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे दोघांनी शेजारी बसून कोड लिहिला तरी नोंद होते कीबोर्ड ज्याच्या हातात होता त्याच्या नावाने. दुसऱ्याचं नाव आठवणीने वेगळं लिहावं लागतं. नाही लिहिलं तर पाच वर्षांनी कुणालाही शपथेवर वाटेल की तिथे एकच माणूस होता. इतिहासाचंही असंच होतं. कुणी कट करतं म्हणून नाही. एक नाव लक्षात ठेवणं सोपं असतं म्हणून.

याचा अर्थ प्रकाशभाऊंचं काम कमी होतं असा अजिबात नाही. मुद्दा असा की ते काम दोन डॉक्टरांचं होतं. एक नाव काढून टाकलं तर गोष्ट अर्धी होत नाही, खोटी होते. कारण एकटा डॉक्टर अशा ठिकाणी पन्नास वर्षं टिकला, असं मग पुढच्या पिढीला वाटत राहतं. आणि तसं जायचं ठरवणाऱ्या एखाद्या मुलीला वाटतं की या गोष्टीत आपली जागा फक्त 'त्यांच्या पत्नी' एवढीच आहे.

म्हणून एक छोटं काम देतो. पुढच्या वेळी हेमलकशाचा फोटो व्हॉट्सॲपवर आला आणि खाली एकच नाव असेल, तर उत्तरात दुसरं नाव लिहा. डॉ. मंदाकिनी आमटे, भूलतज्ज्ञ, १९७३ पासून. एवढंच.

भेटू पुढच्या भागात. हा भाग आवडला तर मेडिकलला असलेल्या एखाद्या मैत्रिणीला नक्की पाठवा!