उबारचा शोध आणि अवकाशातील रडार

पवित्र कुरआनातील सूरह अल-फज्रमध्ये आद कौमेच्या संदर्भात ‘इरम’चा उल्लेख येतो. इरम हे शहर होते की टोळीचे नाव, याविषयी भाष्यकारांत पूर्वीपासून मतभेद आहेत. पुढे या उल्लेखाभोवती सोन्याचांदीच्या नगरीच्या कथा रचल्या गेल्या. इब्न खल्दून यांनी चौदाव्या शतकात ‘मुकद्दिमा’मध्ये त्या निराधार ठरविल्या. तरीही 1992 मध्ये ओमानच्या वाळवंटात ‘उबार’, म्हणजेच इरम, अवकाशातून सापडल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या. त्यांतील तथ्य तपासण्यासाठी हे तंत्र समजून घेणे आवश्यक आहे.

रडार स्वतः सूक्ष्मलहरी सोडते व परतलेल्या लहरींची नोंद घेते. त्यामुळे अंधार व ढग यांचा अडथळा होत नाही. 1978 मध्ये अमेरिकेच्या ‘सीसॅट’ उपग्रहावर असे रडार होते. नोव्हेंबर 1981 मध्ये ‘कोलंबिया’ यानावरील ‘एसआयआर-ए’ रडारच्या सुमारे 23 सेंटिमीटर लांबीच्या लहरी पूर्व सहारातील कोरड्या वाळूत शिरल्या आणि तिच्याखाली गाडलेली प्राचीन नदीपात्रे प्रतिमांत उमटली.

ऑक्टोबर 1984 मध्ये ‘चॅलेंजर’वरील ‘एसआयआर-बी’ने ओमानच्या भागाचे चित्रण केले. माहितीपटकार निकोलस क्लॅप व जेट प्रपल्शन लॅबोरेटरीचे रोनाल्ड ब्लॉम यांनी या प्रतिमांबरोबर ‘लँडसॅट’ व ‘स्पॉट’ उपग्रहांच्या प्रतिमाही अभ्यासल्या. त्यांत उंटांच्या काफिल्यांच्या जुन्या वाटा दिसल्या. काही वाटा वाळूच्या टेकड्यांखालून जात होत्या, म्हणजे त्या टेकड्यांहून जुन्या होत्या. अनेक वाटा शिस्र येथील पाणवठ्याशी एकत्र येत होत्या. तेथे पुरातत्त्वज्ञ ज्युरिस झारिन्स यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या उत्खननात बुरूज असलेली गढी सापडली. तिचा काही भाग जमीन खचून विवरात कोसळलेला होता.

मात्र रडारने गढी दाखविली नव्हती. वाटांनी केवळ दिशा दिली. तेथे इरमचे नाव असलेला शिलालेखही मिळाला नाही. उबार हे शहर नसून प्रदेशाचे नाव असावे, असे मत पुढे स्वतः झारिन्स यांनी मांडले. लोबानाच्या व्यापाराचे ठाणे म्हणून शिस्रचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. 2000 मध्ये युनेस्कोने ओमानच्या लोबान-भूमीतील इतर स्थळांबरोबर त्याचाही जागतिक वारशात समावेश केला.

30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोटा येथून भारत व अमेरिकेचा ‘निसार’ हा रडार उपग्रह सोडण्यात आला. अशा प्रतिमा यापुढे वर्गातही येतील. कुरआनची सत्यता गढीच्या भिंतींवर अवलंबून नाही, आणि प्रतिमेत जे उमटले नाही ते श्रद्धेच्या नावाने तिच्यात पाहणे हे संशोधन नव्हे. हा फरक विद्यार्थ्यांना समजावून देणे हे इतिहास व विज्ञान या दोन्ही विषयांच्या अध्यापकांचे काम आहे.