लडाखला जाताय? काय पाहायचं, कुठे राहायचं आणि पहिले दोन दिवस काहीच का करायचं नाही

मुंबईहून सकाळच्या विमानाने निघालेला पर्यटक त्याच दिवशी लेहमध्ये उतरतो. काही तासांपूर्वी तो समुद्रसपाटीवर होता, आता तो सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं. म्हणजे लेहच्या विमानतळावर पाय ठेवताच आपण कळसूबाईच्या जवळपास दुप्पट उंचीवर असतो, तेही एक पायरी न चढता.

लडाखची सहल कशी होणार, हे बऱ्याच अंशी इथेच ठरतं. त्यामुळे काय पाहायचं याआधी शरीराचं काय होतं, ते समजून घेऊ.

पहिले दोन दिवस आराम का?

उंचावरच्या हवेतही ऑक्सिजनचं प्रमाण २१ टक्केच असतं. पण हवेचा दाब कमी झाल्यामुळे प्रत्येक श्वासागणिक शरीराला मिळणारा ऑक्सिजन घटतो. लेहमध्ये तो समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण दोन तृतीयांश असतो. शरीर याच्याशी जुळवून घेतं, पण त्याला वेळ लागतो.

तो वेळ दिला नाही, तर डोकेदुखी, मळमळ, थकवा, झोप न लागणं असा त्रास सुरू होतो. बहुतेकांना तो एक-दोन दिवसांत कमी होतो. पण बसल्या जागी धाप लागणं, सतत खोकला, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ होणं ही धोक्याची लक्षणं आहेत. याचा अर्थ फुप्फुसात किंवा मेंदूत सूज येत असू शकते आणि त्यात जीवही जाऊ शकतो. अशा वेळी ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणायचं नाही. ऑक्सिजन, डॉक्टर आणि शक्य तितक्या लवकर खाली उतरणं हाच उपाय. लेहमधल्या सोनम नोर्बू स्मृती रुग्णालयात अशा रुग्णांवर उपचार होतात.

व्यायामाची सवय असलेल्यांना हा त्रास होत नाही, हा गैरसमज आहे. रोज दहा किलोमीटर धावणाऱ्यालाही तो होऊ शकतो. हृदयाचा, फुप्फुसाचा आजार किंवा रक्तदाब असेल, गर्भधारणा असेल, तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांशी बोला. उंचीवर घ्यायच्या गोळ्याही त्यांच्याच सल्ल्याने घ्या.

काय पाहायचं?

लडाखमध्ये प्रेक्षणीय स्थळं म्हणजे मुख्यतः तीन गोष्टी: गोंपा म्हणजे बौद्ध मठ, तलाव आणि उंच खिंडी. लेह जिल्ह्यात बौद्ध बहुसंख्य आहेत, कारगिलमध्ये शिया मुस्लिम. इथला बौद्ध धर्म तिबेटी परंपरेतला, वज्रयान पंथाचा आहे. त्यामुळे महाराष्ट्रातल्या विहारांची सवय असलेल्यांना गोंपातलं दृश्य वेगळं वाटतं. इथे बुद्धाबरोबरच अनेक बोधिसत्त्व, उग्र चेहऱ्याचे रक्षक देव आणि रंगीत थांका म्हणजे कापडावरची चित्रं दिसतात.

थिकसे: लेहपासून १९ किलोमीटरवर, टेकडीच्या उतारावर चढत गेलेला मठ. आत सुमारे १५ मीटर उंच मैत्रेय बुद्धाची मूर्ती आहे. सकाळी लवकर गेलात तर भिक्खूंची प्रार्थना ऐकायला मिळते.

हेमिस: लेहपासून सुमारे ४५ किलोमीटर. गुरू पद्मसंभव यांच्या जयंतीनिमित्त जून-जुलैमध्ये इथे दोन दिवसांचा उत्सव भरतो, त्यात भिक्खू मुखवटे घालून नृत्य करतात. तारीख तिबेटी पंचांगानुसार दरवर्षी बदलते. त्या दिवसांत लेहमधल्या खोल्या लवकर भरतात.

आल्ची: इथे फार उंच इमारत नाही, डोंगरावरचा थाट नाही. सिंधूच्या काठावरच्या गावातली ही लहान मंदिरं आहेत. पण आतली सुमारे आठ-नऊशे वर्षं जुनी भित्तिचित्रं काश्मिरी शैलीतली आहेत आणि त्या शैलीचं इतकं काम स्वतः काश्मीरमध्येही उरलेलं नाही. अजिंठा पाहून भारावलेल्यांनी आल्ची चुकवू नये. आत फोटो काढायला मनाई आहे.

नुब्रा खोरं: इथे जाताना खारदुंग ला ही खिंड लागते. तिथल्या पाटीवर बराच काळ १८,३८० फूट असा आकडा झळकत होता, प्रत्यक्षात ती सुमारे १७,५८२ फुटांवर आहे. फोटो काढा, पण पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका. पलीकडे दिस्कितचा ३२ मीटर उंच मैत्रेय बुद्ध, हुंदरची वाळू आणि दोन मदारींचे उंट आहेत. आणखी पुढे तुर्तुक हे बाल्टी मुस्लिमांचं गाव लागतं. १९७१च्या युद्धात ते भारताच्या ताब्यात आलं.

पँगाँग: सुमारे ४,२५० मीटरवरचा खाऱ्या पाण्याचा तलाव. ‘थ्री इडियट्स’च्या शेवटच्या प्रसंगामुळे घराघरात पोहोचला. गर्दी नको असेल तर त्सो मोरिरी किंवा हानले हे पर्याय आहेत. हानलेचं आकाश ताऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. पण दोन्ही ठिकाणं लेहपेक्षा बरीच उंचावर आहेत, त्यामुळे ती सहलीच्या शेवटीच ठेवा.

गोंपात शिरताना चपला बाहेर काढायच्या आणि प्रदक्षिणा आपल्यासारखीच उजवीकडून घालायची. रस्त्यात मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत लागली, तर तीही उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं.

कोणत्या क्रमाने फिरायचं?

अनेक पॅकेजमध्ये पँगाँग घाईने आधी उरकतात. उंचीच्या दृष्टीने हे उलटं आहे. किती उंच खिंड ओलांडली यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलो, हे शरीरासाठी महत्त्वाचं असतं. आल्ची आणि नुब्रा दोन्ही साधारण ३,१०० मीटरवर, म्हणजे लेहपेक्षा खाली आहेत. म्हणून सोयीचा क्रम असा:

– दिवस १ आणि २: लेहमध्ये आराम, दुसऱ्या संध्याकाळी बाजार
– दिवस ३: शे, थिकसे, हेमिस
– दिवस ४: आल्ची
– दिवस ५ आणि ६: नुब्रा
– दिवस ७: पँगाँग
– दिवस ८: लेहला परत
– दिवस ९: परतीचं विमान

कुठे राहायचं?

हॉटेल: लेहमध्ये साध्यापासून महागड्यापर्यंत सगळी आहेत. बाजाराजवळ राहिलात तर खाणं, औषधं, टॅक्सी सगळं चालत्या अंतरावर मिळतं. अनेक हॉटेलांना लिफ्ट नसते. पहिल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर बॅग चढवताना त्याचा अर्थ कळतो, म्हणून खालची खोली मागून घ्या.

गेस्ट हाउस: चांगस्पा भागात कुटुंबांनी चालवलेली बरीच आहेत. अंगणात जर्दाळूची झाडं, भाजीचा वाफा आणि स्वयंपाकघरात गप्पा मारणारी घरची माणसं. खर्च हॉटेलपेक्षा कमी.

होमस्टे: गावातल्या घरातली एक खोली आणि घरचंच जेवण. हिमबिबट्या बकऱ्या-मेंढ्या मारतो म्हणून गावकरी त्याच्यावर चिडून असत. त्याला पाहायला येणाऱ्या पाहुण्यांकडूनच उत्पन्न मिळावं, म्हणून हेमिस राष्ट्रीय उद्यानातल्या रुंबकसारख्या गावांत होमस्टे सुरू झाले. पैसे थेट घरात जातात.

तंबू: नुब्रा आणि पँगाँगला हा पर्याय सर्रास दिसतो. पँगाँगला उन्हाळ्यातही रात्री कडाक्याची थंडी असते. लहान मुलं किंवा ज्येष्ठ बरोबर असतील तर पक्क्या भिंतींची खोली बरी.

बुकिंग करताना हे विचारा: गरम पाणी किती वेळ मिळतं? खोली गरम ठेवण्याची सोय आहे का? जेवण धरलंय का? रस्ता बंद झाला किंवा विमान रद्द झालं तर पैसे परत मिळतात का? हिवाळ्यात जात असाल तर नळ गोठतात, बादलीने पाणी मिळतं आणि अनेक हॉटेलं बंदच असतात.

बादलीभर पाण्याचा हिशोब

लडाखमध्ये वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. शेती आणि पिण्याचं पाणी पिढ्यानपिढ्या वितळणाऱ्या बर्फावर अवलंबून आहे. २०११च्या जनगणनेत लडाखची लोकसंख्या होती पावणेतीन लाखांच्या आसपास. २०२२ मध्ये तिथे पाच लाखांहून अधिक पर्यटक आले. त्यांच्या शॉवर आणि फ्लशसाठी लेहमध्ये बोअरवेल वाढत गेल्या. पारंपरिक लडाखी घरात कोरडं शौचालय असतं. त्यात पाण्याऐवजी माती टाकतात आणि पुढे त्याचं शेतासाठी खत होतं.

म्हणून होमस्टेमध्ये तसं शौचालय दिसलं तर नाक मुरडू नका. आंघोळ बादलीने करा, चादरी रोज बदलून मागू नका, पाण्याची बाटली घरून न्या.

निघण्यापूर्वी

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड घ्या. नुब्रा, पँगाँगसारख्या सीमेजवळच्या भागांसाठीचे नियम आणि पर्यावरण शुल्क प्रशासनाच्या संकेतस्थळावर तपासा आणि ओळखपत्राच्या प्रती जवळ ठेवा. मनालीहून भाड्याने आणलेली बाइक किंवा गाडी लडाखमध्ये फिरवू देत नाहीत, ती लेहमध्येच घ्यावी लागते.

आणि परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा. खिंडीत बर्फ पडला किंवा कुणाचं डोकं दुखायला लागलं, तर तोच एक दिवस कामाला येतो.