मुरगाव बंदरातली इंत्रुजची रात्र

‘द सी वुल्व्ज’ हा 1980 साली आलेला इंग्रजी चित्रपट तुम्ही कधीतरी पाहिला असेल. ग्रेगरी पेक, रॉजर मूर, डेव्हिड निव्हन, आणि गोव्याच्या बंदरात धडाधड पेटणारी जर्मन जहाजं. आता खुर्ची सोडा आणि थेट पडद्यातून आत या. वास्को, 9 मार्च 1943, मंगळवार संध्याकाळ.

सगळ्यात आधी अंगावर येतं ते पीठ. कागदाची पुडी तुमच्या कानाजवळ फुटते, डोळे चुरचुरतात, नाकात भुकटी जाते आणि पुडी मारणारा पोरगा खिदळत गल्लीत पसार होतो. रागावू नका. इंत्रुजचा, म्हणजे गोव्याच्या कार्निव्हलचा, आज शेवटचा दिवस आहे. उद्या राखेचा बुधवार, मग ईस्टरपर्यंत उपवास; त्यामुळे खाणं, पिणं, नाचणं, सगळं आजच उरकायचंय. कुठेतरी घुमट वाजतंय, त्याचा ठेका कानापेक्षा पोटात जास्त ऐकू येतो. घामानं सदरा पाठीला चिकटलाय. काजूचा हंगाम सुरू झालाय, म्हणून तावेर्नाच्या, म्हणजे दारूच्या गुत्त्याच्या, दारातून काजूच्या ताज्या हुर्राकचा वास असा येतो की तो घेऊनच डोकं हलकं व्हावं. आत गोदीतला एक हमाल बाकावर सरकून जागा करतो. ‘यो बाब, बस.’ बसा. रात्र मोठी आहे.

मुंबईहून आलेल्या माणसाला इथं दिवे पाहूनच नवल वाटतं. तिकडे काळोखाची सक्ती, खिडक्यांच्या काचांवर काळे कागद. इथं राज्य पोर्तुगालचं, आणि पोर्तुगाल युद्धात नाही. तरी युद्ध ताटात आलंच आहे: ब्रह्मदेश पडल्यापासून तिकडचा तांदूळ बंद, त्यामुळे बाकावरचं अर्धं बोलणं तांदळाच्या भावाचं. उरलेलं अर्धं बंदरातल्या त्या परक्या जहाजांचं. एरेनफेल्स, ब्राउनफेल्स, द्राखेनफेल्स ही तीन जर्मन, आन्फोरा इटालियन. युद्ध पेटल्यावर आसऱ्याला आली ती इथंच अडकली. इंग्रजांचं म्हणणं असं की एरेनफेल्सवरच्या बिनतारी यंत्रातून त्यांच्या जहाजांच्या खबरा जर्मन पाणबुड्यांना जातात. वास्कोतल्या दुकानदाराला मात्र हे खलाशी ठाऊक आहेत ते वर्षानुवर्षं तोंडओळख झालेले, घरापासून तुटलेले, कंटाळलेले गोरे म्हणून.

चित्रपटातली ती देखणी हेर बाई शोधताय? सापडणार नाही. रॉजर मूरचा गॅव्हिन स्टुअर्ट जिच्या प्रेमात पडतो ती पटकथेतून आलेली आहे. स्टुअर्ट मात्र खरा, त्याचा वरिष्ठ लुईस प्यू हाही खरा. दोघंही इंग्रजांच्या गुप्त मोहिमा चालवणाऱ्या खात्यातले. आणि ऐकताना सगळ्यात बनावट वाटेल अशी गोष्ट या क्षणी अंधारातून बंदराकडे सरकते आहे.

फीबी तिचं नाव. गाळ वाहून नेणारा, संथ, बेढब तराफा म्हणा ना. कलकत्त्याहून भारताच्या दक्षिण टोकाला वळसा घालून आलाय. त्यावर आहेत कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी घोडदळाचे लोक, सोबत कलकत्ता स्कॉटिश पलटणीचे काही. ताग, चहा, हिशेबाच्या वह्या यांत आयुष्य गेलेली, पोटं सुटलेली माणसं. बरेचसे आगगाडीनं कोचीनला आले आणि तिथून फीबीवर चढले. वयस्कर नट घेऊन चित्रपटवाल्यांनी गंमत केली असं समीक्षकांना वाटलं असेल, पण ही गंमत इतिहासानंच केलेली आहे.

रात्रही त्यांना साजेशी आहे. अमावास्येला तीनच दिवस झालेत. चंद्राची कोर मध्यरात्रीच्या कितीतरी आधी बुडाली. खलाशांना किनाऱ्यावर खेचण्यासाठी मेजवान्या आणि फुकटच्या चैनीची सोय इंग्रजांनी केली, असं चित्रपटामागचं जेम्स लीझरचं पुस्तकही सांगतं आणि चित्रपटही. केली असेल. पण इंत्रुज काही इंग्रजांनी आणला नाही. तो पंचांगानं आणला, वास्कोच्या लोकांनी नाचवला, आणि त्या जल्लोषाच्या आडोशानंच फीबी आत शिरली. चित्रपटाबद्दल माझी खरी तक्रार इथंच आहे: ज्या गावाच्या रात्रीवर सगळी मोहीम उभी आहे, ते गाव पडद्यावर मागची गर्दी होऊन राहतं.

मध्यरात्र उलटून गेलीय. घुमट थांबलंय, पाय दुखतायत. तेवढ्यात पाण्यावरून फटफट आवाज येतात. ‘फटाके,’ कुणीतरी म्हणतं, आणि पेला पुन्हा भरला जातो. मग बंदराच्या बाजूचं आभाळ तांबडं होतं. आता सगळे धावतात, तुम्हीही धावा. वाऱ्यावर जळक्या रंगाचा आणि तेलाचा वास, घशाला झोंबणारा. एरेनफेल्सवर कप्तान र्‍योफर मारला गेलाय, पण जहाज इंग्रजांच्या हाती लागू नये म्हणून खलाशांनी झडपा उघडून समुद्र आत घेतलाय. बाकीच्या जहाजांवरच्यांनीही तोच मार्ग धरलाय. फीबी केव्हाच पसार. हल्लेखोरांपैकी एकही मेला नाही.

किनाऱ्यावरून यातलं तुम्हाला काहीच कळत नाही. फक्त आगीची धग, लोकांची रेटारेटी आणि शंभर प्रश्न. ते लाइट हॉर्सवाले आपापल्या कचेऱ्यांत परततील, पदक नाही, जाहीर शाबासकी नाही. लीझरचं ते पुस्तक 1978 मध्ये येईपर्यंत बाहेर फारसं कुणाला कळणारही नाही.

उजाडतं. कपाळावर राखेचा क्रूस घेऊन चर्चमधून परतणारी माणसं धक्क्यावर थबकतात. ‘खलाशांनीच लावली आग, पिऊन,’ एक म्हातारी ठामपणे सांगते. तुमच्या बाकावरचा हमाल मान हलवतो. इंग्रज होते, वीसेक बोटी होत्या, पुढाऱ्याच्या तोंडात चिरूट होता, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं म्हणतो. गर्दी त्याच्याभोवती सरकते. तो रात्रभर तुमच्या शेजारी हुर्राक पीत होता.