सिनेमातला रणगाडा खरा असतो का? डुप्लिकेट टँक कसे बनतात आणि कसे ओळखायचे

युद्धाचा सिनेमा बघताना पडद्यावर धूळ उडवत रणगाडा आला की अंगावर काटा येतो. पण तो रणगाडा खरंच त्या काळातला, त्याच देशाचा असतो का? बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असंच असतं. कधी दुसऱ्याच रणगाड्यावर पत्रा ठोकलेला असतो, कधी आत पोकलेनसारखं यंत्र असतं, तर कधी सगळाच मामला कॉम्प्युटरचा असतो.

हे सगळं कसं करतात ते या लेखात बघू. खोटा रणगाडा ओळखायची सोपी युक्तीही शिकू. ही युक्ती सिनेमापुरती नाही, व्हॉट्सॲपवर येणाऱ्या युद्धाच्या व्हिडिओंसाठीही ती कामाची आहे.

खरा रणगाडा का वापरत नाहीत?

कारण साधं आहे, ते शिल्लकच नाहीत. दुसऱ्या महायुद्धातला जर्मनीचा टायगर-१ हा सिनेमावाल्यांचा सगळ्यात लाडका 'व्हिलन'. पण जर्मनीने तो जेमतेम १,३५० च्या आसपास बनवला. आज जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. त्यातला चालू स्थितीतला म्हणून प्रसिद्ध आहे तो इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममधला 'टायगर १३१'. १९४३ मध्ये ब्रिटिश सैन्याने तो ट्युनिशियात पकडला होता.

२०१४ च्या 'फ्युरी' सिनेमात हाच टायगर १३१ वापरला. किती तरी दशकांनंतर एखाद्या मोठ्या सिनेमात अस्सल टायगर दिसला, म्हणून त्याची एवढी चर्चा झाली.

दुसरी अडचण वजनाची. टायगर जवळपास ५७ टनांचा. असं धूड डांबरी रस्त्यावरून नेलं तर रस्ता उखडतो, आणि ट्रेलरही साधा चालत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे म्युझियममधली वस्तू स्टंटमध्ये मोडली तर तिचे स्पेअर पार्ट कुठून आणणार?

डुप्लिकेट रणगाडे बनवायच्या ५ पद्धती

१. दुसऱ्या रणगाड्याला नवा मुखवटा

सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत हीच. सोव्हिएत टी-३४ रणगाडे ५० हजारांहून जास्त बनले होते आणि युद्धानंतरही अनेक देशांकडे चालू होते. मग त्याचा वरचा बुरूज काढायचा, लोखंडी अँगलचा सांगाडा वेल्ड करायचा, त्यावर पातळ पत्र्याचा चौकोनी डबा बसवायचा, पाइपची लांब नळी लावायची आणि जर्मन रंग द्यायचा. झाला टायगर तयार!

१९७० चा 'केलीज हिरोज' युगोस्लाव्हियात शूट झाला. त्यातले टायगर असेच टी-३४ वर बनवलेले होते. १९९८ च्या 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'मधले टायगरही त्याच जातीचे.

फोनच्या भाषेत सांगायचं तर जुन्या हँडसेटवर महागड्या फोनचं बॅक कव्हर आणि थीम टाकल्यासारखं आहे हे. बाहेरून भारी दिसतं, पण सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' उघडलं की खरं मॉडेल कळतं. रणगाड्याचं 'अबाउट फोन' म्हणजे त्याची चाकं. त्याबद्दल पुढे बोलूच.

२. फक्त रंग बदला

इथे पत्राही ठोकत नाहीत. १९६५ च्या 'बॅटल ऑफ द बल्ज'चं शूटिंग स्पेनमध्ये झालं. स्पॅनिश सैन्याकडचे अमेरिकन एम-४७ पॅटन राखाडी रंगवून जर्मन 'किंग टायगर' म्हणून उभे केले. गंमत म्हणजे त्याच सिनेमात अमेरिकन शर्मनच्या जागी हलके शॅफी रणगाडे दिसतात.

३. पोकलेन किंवा गाडीच्या चेसिसवर नवी बॉडी

'इंडियाना जोन्स अँड द लास्ट क्रुसेड' (१९८९) मधला अवाढव्य रणगाडा आठवतो? तो पहिल्या महायुद्धातल्या डिझाइनवरून घेतला होता, पण आतला सांगाडा होता २८ टनी एक्स्कॅव्हेटरचा, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट पोकलेन म्हणतात त्याचा. पट्टे फिरवायला रेंज रोव्हरची इंजिनं लावली होती.

'अ ब्रिज टू फार' (१९७७) मध्ये शर्मनचा ताफा मोठा दिसावा म्हणून काही ठिकाणी लँड रोव्हर गाड्यांवर प्लॅस्टिकचे साचे बसवले होते. लांबच्या शॉटमध्ये कोणाला कळणार!

४. हालत नसलेले पुतळे

मागे उभे असलेले, जळालेले किंवा उलटलेले रणगाडे प्लायवूड, फायबर आणि थर्माकोलचेही चालतात. गणपतीचा देखावा किंवा लग्नाचं स्टेज करणाऱ्या कारागिराला हे काम लगेच समजेल. सांगाडा, साचा, रंग आणि वरून गंजाचा आणि चिखलाचा हात.

५. थ्रीडी मॉडेल

खऱ्या रणगाड्याचे सगळ्या बाजूंनी शेकडो फोटो काढायचे. सॉफ्टवेअर त्यातले सारखे बिंदू जुळवून थ्रीडी आकार तयार करतं. याला फोटोग्रामेट्री म्हणतात. हल्ली फोनवरच्या ॲपनेही लहान वस्तूंचं असं मॉडेल बनवता येतं. एकदा मॉडेल तयार झालं की एकाचे पन्नास करणं म्हणजे कॉपी-पेस्ट.

तोफ उडाल्याचा जाळ कुठून येतो? चालू मॉडेलमध्ये बहुतेक वेळा नळीत ऑक्सिजन आणि प्रोपेनसारख्या गॅसचं मिश्रण भरून ठिणगी देतात. मोठा आवाज होतो, जाळ दिसतो, पण गोळा काही बाहेर येत नाही. तरीही हे काम प्रशिक्षित माणसांचंच आहे, घरी प्रयोग करू नका.

खोटा रणगाडा कसा ओळखायचा?

वरची बॉडी बदलणं सोपं असतं. खालची चाकं, एक्सल आणि पट्टा बदलणं महाग आणि अवघड. म्हणून नजर नेहमी खाली ठेवा.

- टायगर-१: मोठी चाकं एकमेकांवर चढलेली, ताटात पुऱ्या रचल्यासारखी. पट्टा ओढणारं दातेरी चाक पुढे.
- टी-३४: प्रत्येक बाजूला ५ मोठी, सुटी चाकं. पट्टा ओढणारं चाक मागे.
- टी-५५: ५ चाकं, पण पहिल्या आणि दुसऱ्या चाकात मोठी फट.
- टी-७२ आणि टी-८०: प्रत्येक बाजूला ६ चाकं.
- एम-४७ पॅटन: ६ चाकं, आणि वरचा पट्टा पेलायला छोटे रोलर.

आता 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' परत लावा आणि टायगरची चाकं मोजा. एकमेकांवर चढलेली नाहीत, पाच सुटी चाकं दिसतील. सापडला टी-३४!

दुसरं उदाहरण 'गोल्डनआय' (१९९५). जेम्स बाँड सेंट पीटर्सबर्गच्या रस्त्यांवरून जो रणगाडा पळवतो, तो टी-५५ आहे. वरून खोट्या पेट्या लावून त्याला नव्या टी-८० चं रूप दिलंय. रस्ते खराब होऊ नयेत म्हणून त्याला ब्रिटिश चीफटन रणगाड्याचे रबर लावलेले पट्टे बसवले होते. कपडे बदलले तरी चाकं पाचच.

आपल्याकडचं काय?

भारतीय सिनेमाची एक सोय आहे. १९७१ मध्ये लोंगेवालावर चालून आलेल्या पाकिस्तानी रणगाड्यांमध्ये चिनी बनावटीचे टी-५९ होते. 'बॉर्डर' (१९९७) याच लढाईवर आहे. टी-५९ ही मुळात सोव्हिएत टी-५४ ची चिनी आवृत्ती, आणि आपल्या सैन्याकडे टी-५४ आणि टी-५५ दोन्ही होते. त्यामुळे शत्रूचा टी-५९ दाखवायचा तर आपल्याच टी-५५ चा रंग आणि खुणा बदलल्या तरी काम भागतं, कारण चाकांची ठेवणही तीच.

'पिप्पा' (२०२३) ची गोष्ट वेगळी. तो सिनेमा पीटी-७६ या तरंगणाऱ्या रणगाड्यावर आणि नोव्हेंबर १९७१ च्या गरीबपूरच्या लढाईवर आहे. पीटी-७६ जेमतेम १४ टनांचा, पुढून होडीसारखा, आणि पाण्यात मागच्या जेटने चालणारा. जवानांनी त्याला 'पिप्पा' नाव दिलं, कारण तुपाचा रिकामा डबा पाण्यावर तरंगतो तसा तो तरंगायचा. असा आकार दुसऱ्या रणगाड्यावर पत्रा ठोकून आणणं अवघडच. इथे अस्सल वस्तू जपलेली असेल तरच काम नीट होतं.

खरे रणगाडे बघायचे कुठे?

आपल्या बीडकरांसाठी ही जागा शेजारीच आहे. अहिल्यानगरला फराहबागेजवळ कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. सैन्याच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने ते १९९४ मध्ये सुरू केलं. साधारण ५० गाड्या आणि रणगाडे तिथे आहेत. रोल्स-रॉइसची सिल्व्हर घोस्ट चिलखती गाडी, मटिल्डा, चर्चिल, सेंच्युरियन, आपला विजयंता, असं बरंच काही. पकडलेली शत्रूची वाहनंही आहेत.

नारायणगडाच्या भागातून निघालात तर आधी बीड गाठा. सप्टेंबर २०२५ पासून बीड ते अहिल्यानगर रेल्वेही सुरू झाली आहे. वेळापत्रक आधी ॲपवर बघून घ्या. तिथे गेल्यावर फोटो काढता येतात का, हे गेटवर विचारा, कारण ही सैन्याची जागा आहे.

अहिल्यानगरच्या त्याच आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये 'फामागुस्ता' नावाचा सेंच्युरियन रणगाडा जपून ठेवलाय. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत याच रणगाड्यात होते. रणगाड्याला आग लागल्यावर मागे यायचा आदेश मिळाला, पण तोफ अजून चालतेय म्हणून ते लढत राहिले आणि वयाच्या २१ व्या वर्षी शहीद झाले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. श्रीराम राघवन यांचा 'इक्कीस' हा सिनेमा त्यांच्यावरच आहे.

खरी वस्तू का जपायची, हे इथे कळतं. सिनेमासाठी कितीही मॉडेल बनवता येतील, पण फामागुस्ता एकच आहे. जुन्या, दुर्मिळ रणगाड्याची कापाकापी करून मुखवटा चढवला की मूळ वस्तू कायमची जाते. रिकव्हरीचा ऑप्शन नसतो.

फॉरवर्ड करण्याआधी हे बघा

खोट्या रणगाड्याने फसवण्याचा खेळ सिनेमापेक्षा युद्धात जास्त चालतो. १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांनी हवा भरलेले रबरी शर्मन उभे करून जर्मनांना चकवलं होतं. आज चकवण्यासाठी रबरही लागत नाही, फोन पुरतो.

'आर्मा ३' या गेममधली दृश्यं खऱ्या युद्धाची म्हणून इतकी फिरली, की नोव्हेंबर २०२२ मध्ये गेम बनवणाऱ्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह कंपनीलाच लोकांना सावध करावं लागलं. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान तणाव वाढला तेव्हाही गेमचे व्हिडिओ खरे म्हणून पसरवले गेले आणि पीआयबी फॅक्ट चेकला खुलासे करावे लागले. आपल्या भागातल्या कित्येक घरांतली पोरं सैन्यात आहेत. असा एखादा व्हिडिओ रात्री अकराला फॅमिली ग्रुपवर पडला तर त्या घरात काय होत असेल, विचार करा.

म्हणून एवढं तपासा:

1. व्हिडिओ मुद्दाम अंधुक, हलता किंवा रात्रीचा आहे का? गेमचे दोष लपवायला हेच करतात.
2. माणसं दिसतात का? गेमच्या क्लिपमध्ये माणसं टाळलेली असतात, कारण त्यांची हालचाल लगेच कृत्रिम वाटते.
3. आवाज आहे का, की फक्त म्युझिक लावलंय?
4. चाकं मोजा. तो रणगाडा त्या देशाच्या सैन्याकडे आहे का, ते सर्च करा.
5. स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्सवर टाका. जुनी क्लिप असेल तर बहुतेक सापडते.
6. खात्री होत नाही? मग फॉरवर्ड करू नका.

थोडक्यात

- सिनेमातले बहुतेक जुने रणगाडे दुसऱ्याच वाहनावर बनवलेले असतात.
- वरची बॉडी फसवते, चाकं सहसा खरं सांगतात.
- अस्सल रणगाडे बघायला परदेशात जायची गरज नाही, अहिल्यानगरला जा.
- युद्धाचा व्हिडिओ आला की आधी तपासा, मग शेअर करा.

तुम्ही कोणत्या सिनेमातला डुप्लिकेट रणगाडा पकडला? सिनेमाचं नाव आणि चाकांची संख्या आम्हाला नक्की कळवा. आणि हा लेख फॅमिली ग्रुपवर जरूर टाका, हा तपासून लिहिलाय!