भिन्नशील भावंडे (भूमिकाखेळ)

भिन्नशील भावंडे : एकाच आईबापाची, निदान त्या दोहोंपैकी एकाची, लेकरे असून नीतीच्या बाबतीत परस्परांच्या उलट दिशेला गेलेली पात्रे दोन वा अधिक खेळाडूंनी वाटून घ्यावीत आणि संहिता हाती नसताना, कथेचा केवळ सांगाडा ठाऊक ठेवून, आयत्या वेळच्या भाषणाने व कृतीने ती निभावून न्यावीत, असा भूमिकाखेळांतील एक प्रकार. फाशांच्या साहाय्याने खेळल्या जाणाऱ्या अद्भुतरम्य बैठ्या खेळांमुळे त्याची चर्चा अलीकडे वाढली असली, तरी सोंग घेऊन भावाने भावासमोर उभे राहावे आणि चारचौघांदेखत त्याला जाब विचारावा, हा प्रकार मराठी मुलखाला त्या खेळांच्या कितीतरी आधीपासून परिचित आहे. आणि त्याचे सर्वांत भरघोस उदाहरण लंकेच्या राजघराण्यात सापडते.

वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडाप्रमाणे विश्रवा ऋषी व कैकसी यांना रावण, कुंभकर्ण, शूर्पणखा व बिभीषण ही चार अपत्ये. कुबेर हा विश्रव्याचाच, परंतु दुसऱ्या स्त्रीपासून झालेला पुत्र, ज्याची लंका आणि पुष्पक विमान ही दोन्ही रावणाने बळकावली. तिघा सख्ख्या भावांनी एकत्र तप केले. ब्रह्मदेव प्रसन्न झाला तेव्हा रावणाने देवदानवांकडून अवध्यत्व मागताना माणूस तेवढा क्षुद्र म्हणून वगळला. बिभीषणाने संकटातही आपली बुद्धी धर्मापासून ढळू नये असे मागितले. आणि कुंभकर्णाच्या जिभेवर सरस्वती येऊन बसल्यामुळे त्याच्या तोंडून निद्रा मागितली गेली. पात्रांच्या वृत्तींची नोंद येथे पुरी झाली, पण खेळ येथे सुरूही झालेला नाही. तो सुरू होतो युद्धकांडात, जेव्हा झोपेतून उठविलेला कुंभकर्ण सभेत येऊन थोरल्या भावाला त्याची चूक स्पष्ट शब्दांत सुनावतो आणि ती सुनावून झाल्यावर त्याच भावासाठी लढायला निघून जातो. हा इसम सज्जन की दुर्जन, या प्रश्नाला कोणत्याही रकान्यात बसणारे उत्तर नाही, आणि म्हणूनच तीन भावांपैकी वठविण्यास सर्वांत अवघड सोंग त्याचे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

बिभीषणाचे सोंग सोपे वाटते, परंतु तेही फसवे आहे. रामाच्या, म्हणजे न्यायाच्या, बाजूला गेलेल्या या भावाला लोकांनी पूजनीय मानले, पण आपल्या पोराचे नाव बिभीषण ठेवणारी घरे मोजकीच, आणि घरभेद्याचे उदाहरण द्यायचे झाले की बोट हटकून त्याच्याकडेच जाते. रावण पडल्यावर अंत्यसंस्कार करण्यास तो प्रथम कचरतो, अधर्माने वागलेल्या भावाला अग्नी कसा द्यावा असे म्हणतो, आणि वैर मरणापाशी संपले अशी समजूत खुद्द रामाने घातल्यानंतरच चितेच्या तयारीला लागतो. एकनाथांच्या भावार्थरामायणातून आणि श्रीधरस्वामींनी शके 1625 मध्ये पंढरपुरास पूर्ण केलेल्या रामविजयातून ही भावंडे चातुर्मासातील पोथीवाचनाद्वारे खेडोपाडी पोचली, आणि सोंगे घेणाऱ्यांना संवादांचा मसाला मुख्यतः तेथूनच मिळाला.

मध्यप्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर या मराठीभाषक तहसिलींत या घराण्याकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा शेजारी शेजारी नांदतात. नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखालून हा टापू इंग्रजांच्या मध्यप्रांतात आला, 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर छिंदवाडा जिल्ह्यासह मध्यप्रदेशात राहिला, आणि 5 ऑक्टोबर 2023 पासून या दोन तहसिलींचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. सौंसर तहसिलीतील जामसावळी येथे पहुडलेल्या हनुमंताचे प्रसिद्ध देवस्थान आहे; नवस बोलणाऱ्यांची तेथे नागपूर-वऱ्हाडाकडूनही रीघ लागते. म्हणजे लंका जाळणारा येथे देव. पण याच टापूच्या उत्तरेस, छिंदवाड्याच्या गोंड वस्तीत, होळीनंतर मेघनाथाची जत्रा भरते. उंच खांब रोवून त्याच्या माथ्यावर आडवे लाकूड बसवितात, नवस फेडणाऱ्याला त्या लाकडाला बांधून गरगर फिरवितात, आणि ज्याच्या नावाने हे सारे चालते तो मेघनाथ म्हणजे रावणाचा पुत्र, निकुंभिलेच्या यज्ञस्थानी आपल्या चुलत्याला, बिभीषणाला, कुलद्रोही म्हणून धिक्कारणारा इंद्रजितच होय. काही गोंड स्वतःला रावणवंशी म्हणवितात. अकोला जिल्ह्यातील सांगोळा गावी रावणाच्या पाषाणमूर्तीची दसऱ्याला पूजा होते, हेही येथे नमूद करणे इष्ट. तात्पर्य, या भागातला खेळाडू रावणाचा पक्ष घेऊन बसला, तर त्याला केवळ खलपुरुषाची भूमिका वाट्याला आली असे समजण्याचे कारण नाही. त्याच्या बाजूलाही देवळे आहेत, नवस आहेत आणि माणसे आहेत.

याच पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणारी गोटमार हा भूमिकाखेळ नव्हे, तरी फरक दाखविण्यासाठी तिचा उल्लेख अवश्य करावा लागतो. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. मध्ये पात्रात पळसाचे झाड रोवलेले व त्यावर झेंडा. आणि तो काबीज करण्यासाठी दोन्ही काठांवरून होणारा दगडांचा वर्षाव. पांढुर्ण्याच्या तरुणाने सावरगावची मुलगी पळवून आणली व नदी ओलांडताना दोघांवर दगड पडले, अशी कथा सांगतात. जखमींची संख्या मोठी असते, माणसे दगावलीही आहेत, आणि सरकारने दगडांऐवजी रबरी चेंडू पुरवून पाहिले तरी लोकांनी ते मानले नाहीत. अखेर झाड चंडीमातेच्या देवळात नेऊन पुजतात. येथे बाजू ठरते ती जन्मगावावरून. कोणी धर्माचा नाही, कोणी अधर्माचा नाही, आणि समोरच्या काठावर बहुधा आपली सोयरीक असलेले घर असते. नीतीच्या शिक्क्यावाचून केवढे हाडवैर खेळता येते, हे पाहण्यासाठी याहून लांब जायला नको.

नीतीचा शिक्का कागदावर मारण्याची पद्धत अमेरिकेतली. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी 1974 साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला, तेव्हा प्रत्येक पात्राने सुव्यवस्था, तटस्थता व अनागोंदी या तिहींपैकी एक पक्ष निवडावा अशी तरतूद होती. पोल अँडरसन व मायकेल मूरकॉक यांच्या कादंबऱ्यांचा त्या कल्पनेवर प्रभाव उघड आहे. पुढे सुष्ट व दुष्ट हा दुसरा अक्ष जोडला गेला आणि 1978 च्या नियमपुस्तकात नऊ घरांचा तक्ता सिद्ध झाला. खेळणारे त्याला ‘अलाइनमेंट’ म्हणतात. तक्त्याचा एक दोष लवकरच उघडकीस आला: वाईट रकाना निवडलेला खेळाडू सोबत्यांची चोरी करतो, पाठीत खंजीर खुपसतो, आणि विचारले तर आपल्या कागदाकडे बोट दाखवितो.

या दोषावर भावंडपणाचा उतारा कसा लागू पडतो याचा दाखला ‘ड्रॅगनलान्स’ या 1984 पासूनच्या कथामालेत मिळतो. ट्रेसी हिकमन व मार्गारेट वाइस यांच्या या विश्वात रेस्टलिन व कॅरॅमन हे जुळे भाऊ आहेत. कॅरॅमन धट्टाकट्टा, भोळा, प्रेमळ योद्धा, तर रेस्टलिन किरकोळ प्रकृतीचा, खोकणारा, कुशाग्र मांत्रिक. तेथील मांत्रिकांचे झगे वृत्तीनुसार पांढरे, तांबडे किंवा काळे असतात, आणि रेस्टलिनचा तांबडा झगा कथेच्या ओघात काळा होतो. त्यांची सावत्र बहीण किटिआरा शत्रूच्या सैन्याची सेनापती. मांत्रिकाच्या परीक्षेत रेस्टलिन आपल्या भावाच्या मायावी प्रतिमेचा मत्सराने वध करतो आणि खरा कॅरॅमन ते उघड्या डोळ्यांनी पाहत असतो. तरीही पुढे प्रवासात आजारी भावाला औषधी काढा करून देणारा, त्याला उचलून नेणारा तोच. कादंबरीपूर्वी हे पात्र मेजावर खेळून पाहिले गेले, तेव्हा टेरी फिलिप्स या खेळाडूने ते घोगऱ्या कुजबुजीच्या आवाजात बोलून दाखविले आणि तोच आवाज कादंबरीत कायम झाला. काढ्याचा तो पेला दोघांमध्ये असेपर्यंत कोणत्या रकान्यात काय लिहिले आहे, हे विचारण्याची कोणाला गरज पडत नाही.

मराठी रंगपरंपरेत याच्या अगदी जवळचा प्रकार म्हणजे कोकणातील दशावतार. त्यातील आख्यानाला लिहिलेली संहिता नसते; प्रयोगाआधी कोणी कोणते पात्र करायचे व कथा कोठून कोठे न्यायची एवढे ठरते, नट आपापले तोंड स्वतःच रंगवितात, आणि पखवाज व झांज यांच्या साथीने वाली-सुग्रीव एकदा समोरासमोर आले की भावकीचा हिशेब जागच्या जागी मांडावा लागतो. वालीचे काम करणाऱ्याने, आपण आत असताना सुग्रीवाने बंद केलेल्या गुहेची आठवण काढली आणि सुग्रीवाला उत्तर सुचले नाही, तर रात्र फुकट गेली. विदर्भातील खडी गंमत व दंडार यांतही आयत्या वेळच्या बोलण्याला असाच वाव असतो, मात्र तेथे वादापेक्षा थट्टेकडे कल अधिक. लिखित नाटकात बहीण-भावाची अशी जोडी कृ. प्र. खाडिलकरांच्या 1907 च्या ‘कीचकवधा’त आढळते: भाऊ कीचकाचा कामांधपणा दिसत असूनही त्याला आवर घालू न शकणारी सुदेष्णा ही पूर्ण सुष्ट नाही, पूर्ण दुष्टही नाही. सरकारने 1910 मध्ये त्या नाटकावर बंदी घातली ती अर्थात निराळ्या सबबीवर, कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसू लागला म्हणून.

अशी जोडी खेळावयास घेताना अनुभवी मंडळी वृत्तीच्या आधी घर ठरवितात: आई कोण, वाटणी कशाची झाली, धाकट्याने थोरल्याला काय नावाने हाक मारायची, आणि कोणती एक गोष्ट दोघेही तिसऱ्याला सांगणार नाहीत. दोघांपैकी वाकड्या वाटेने जाणाऱ्याचा कागद अधिक जाणत्या खेळाडूकडे द्यावा, कारण नवख्याच्या हाती त्याचा केवळ उपद्रव होतो. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या नियमकर्त्यांनाही हे हळूहळू पटत गेलेले दिसते. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत नऊ घरांचा तक्ता राहिला, पण त्याच्यावर अवलंबून असणारे नियम बहुतेक गळाले. आणि 2023 साली आलेल्या ‘बाल्डर्स गेट 3’ या संगणकखेळात पात्राच्या नोंदीतून तो रकानाच वगळण्यात आला.