गॅस डिटेक्टर (बहुवायू) : इशारापातळी

टाकी, चेंबर किंवा विहीर अशा कोंदट जागेत उतरताना कॉलरला अडकवायचे उपकरण. बहुतेकांत चार संवेदक असतात : ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, हायड्रोजन सल्फाइड व कार्बन मोनॉक्साइड. ज्या आकड्याला ते वाजते व थरथरते ती इशारापातळी; कामगारांच्या बोलण्यात ‘अलार्म सेटिंग’. वेदगंगेकाठच्या मुरगूड (ता. कागल) परिसरात बिद्री व हमीदवाड्याच्या साखर कारखान्यांमुळे या विषयाला महत्त्व आहे.

रूढ पातळ्या : ऑक्सिजन 19.5 टक्क्यांखाली व 23.5 टक्क्यांवर (स्वच्छ हवेत 20.9). ज्वलनशील वायू स्फोटाच्या किमान मर्यादेच्या 10 व 20 टक्के (पहिला व दुसरा इशारा). हायड्रोजन सल्फाइड 10 व 15 पीपीएम (दहा लाखांत भाग). कारखाने अधिनियम, 1948 च्या दुसऱ्या अनुसूचीत आठ तासांसाठी व पंधरा मिनिटांसाठी हेच आकडे होते. अमेरिकी औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या परिषदेने 2010 मध्ये आपल्या मर्यादा 1 व 5 वर आणल्या. म्हणून पहिला इशारा 5 वर ठेवणारेही आहेत. कार्बन मोनॉक्साइडचा पहिला इशारा बहुधा 35 पीपीएम. दुसऱ्याबाबत एकवाक्यता नाही.

साखरपट्ट्यातील विशेष : आसवनीच्या किण्वन टाकीत कार्बन डाय-ऑक्साइड तळाशी साचतो आणि नेहमीचा चार वायूंचा डिटेक्टर तो मोजतच नाही. केवळ या वायूने हवा हटवून ऑक्सिजन 20.9 वरून 19.5 वर आला, तर टाकीत त्याचे प्रमाण सुमारे 67,000 पीपीएम झालेले असते. जिवाला तत्काळ धोका 40,000 लाच मानतात. म्हणजे ऑक्सिजनचा इशारा इथे उशिरा वाजतो. या टाक्यांसाठी कार्बन डाय-ऑक्साइडचा स्वतंत्र संवेदक हवाच आणि त्याचा पहिला इशारा कारखाने अधिनियमातील 5,000 पीपीएमवर ठेवावा. मद्यार्काच्या वाफा मिथेनवर कॅलिब्रेट केलेल्या संवेदकाला प्रत्यक्षाहून कमी दिसतात. त्यासाठी 10 टक्क्यांची पातळीही खाली आणावी लागते.

सांडपाण्याच्या टाकीत झाकण उघडल्यावर आकडा शून्य दिसतो. गाळात फावडे घातले की अडकलेला हायड्रोजन सल्फाइड एकदम सुटतो. सडक्या अंड्याचा वास 100 पीपीएमच्या पुढे नाकाला कळेनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला, या समजुतीने माणसे मरतात. म्हणून नळी आत सोडून वर, मध्ये व तळाशी मोजावे आणि काम संपेपर्यंत डिटेक्टर अंगावर चालू ठेवावा. सारखा वाजतो म्हणून पातळी वर सरकवणे हा गुन्हा समजावा.

शून्यन : मोकळ्या हवेतच. टाकीच्या तोंडाशी केल्यास तिथला वायूच शून्य धरला जातो आणि सर्व पातळ्या फसव्या ठरतात. रोज कामापूर्वी ज्ञात प्रमाणाचा वायू देऊन उपकरण वाजते का, हे पाहावे.

विहिरी : कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत. ज्योत विझते ती ऑक्सिजन 16 टक्क्यांच्या आसपास आल्यावर. पंपाच्या इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड ती दाखवत नाही.

गोबरगॅस : मिथेनसाठी ज्वलनशील वायूच्या वरील पातळ्या; उघडी ज्योत वर्ज्य.